दोन कोठारं आणि अकीकाचा खल

दारावरची पाटी

१. दळणखोलीत येण्याआधी अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू काढून बाहेर ठेवावी.
२. एक नमुना दळून झाला की खल धुतल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.
३. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकावं.
४. आपल्या हातून चूक होत नाही असं ज्याला वाटतं, त्याने दुप्पट धुवावं.

पाटी सरांनी स्वतः लिहिली होती. अक्षर मोत्यासारखं. चौथा नियम लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते माहीत नाही. खोलीत आरसा नव्हता, एवढं मात्र नक्की.

या पाटीखालून सहा वर्षं रोज ये-जा करणारी एक मुलगी होती. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून भूशास्त्र विभागात तिला सगळे कपची म्हणत. दगड फोडताना जी कपची उडते आणि नेमकी डोळ्याकडे येते, ती. कपची रोज आत जाताना घड्याळ काढायची, कानातलं काढायची, पँटचं बक्कल नको म्हणून नाडीची पँट घालायची. सहा वर्षं. नाडीची पँट घालून सहा वर्षं विद्यापीठात जाणं ही काय चीज आहे, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

दगड

दिसायला अगदी रडका. ओल्या फरशीचा तुटका कोपरा असावा तसा, काळपट हिरवा. पण वय तीनशे कोटी वर्षं. कधी काळी हा लाव्हा होता, रसरसत वर आला, थिजला, आणि तेव्हापासून गप्प पडून आहे. कपचीचं काम एवढंच की त्याला विचारायचं: बाबा रे, तू आलास कुठून? किती खोलवर वितळलास?

दगड बोलत नाही. मग त्याचं पीठ करायचं, पिठाचं ॲसिडात पाणी करायचं आणि त्यात कुठले धातू किती आहेत ते यंत्राने मोजायचं. सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम असले धातू. असतात किती? टनभर धान्यात खसखशीचे तीस-चाळीस दाणे पडावेत, तितके. तेवढ्यावरून दगडाचं कूळ काढायचं.

कूळ काढायची रीत साधी आहे. दहा ठिकाणचं दूध आणून तपासलं आणि आलेखावर दहाही ठिपके एका सरळ रेघेत बसले, तर समजायचं की दुधात काहीतरी मिसळलंय. रेघ पुढे ओढत न्यायची. तिच्या टोकाला नळ सापडतो.

सरांनी अशीच रेघ ओढली होती. पंचवीस वर्षांपूर्वी. तीन खंडांतले जुने लाव्हा, स्वतः गोळा केलेले, स्वतः दळलेले. रेघेच्या टोकाला सोनं सहा भाग, पॅलेडियम एक भाग, चांदी एक भाग असं काहीतरी होतं. असला नळ पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. म्हणून सरांनी तो पृथ्वीच्या पोटात ठेवला: खूप खोल, आदिम, कशाचाही स्पर्श न झालेलं एक कोठार. पुढे काही वर्षांनी त्यांना दुसरं सापडलं. यात प्लॅटिनम एकोणीस भाग आणि रुथेनियम एक. झाली दोन कोठारं. सर मोठे झाले.

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेला ही कोठारं सापडली नाहीत. सरांना त्याचं वाईट वाटायचं. त्यांच्यासाठी.

"यंत्रं घेऊन बसलेत," ते म्हणायचे. "यंत्र नुसतं दळतं. हात ऐकतो."

म्हणून शेवटचं, मैद्यासारखं बारीक दळण सर कुणालाच करू देत नसत. कपाटात कुलपात त्यांचा स्वतःचा खल होता. अकीकाचा, म्हणजे गारेसारख्या कठीण दगडाचा, दुधी रंगाचा, परातीएवढा. डाव्या हाताने काठ धरायचा, उजव्याने बत्ता फिरवायचा, डोळे मिटायचे. करकर, करकर. विद्यार्थ्यांनी दाराच्या काचेतून बघायचं आणि धन्य व्हायचं.

जमा काही नाही

कपची चौथ्या वर्षात असताना सर दोन वर्षांसाठी परदेशी गेले. जाताना कपाटाची किल्ली घेऊन गेले. कपचीने छोटा खल मागवला आणि चोवीस नमुने एकटीने दळले. नाडीची पँट घालून.

निकाल असे आले:

पहिलं कोठार: नाही.
दुसरं कोठार: नाही.
तिसरं कोठार, चुकून एखादं: नाही.

चोवीसच्या चोवीस दगड म्हणत होते, आम्ही साधे आहोत. इथूनच, शेदोनशे किलोमीटर खालून वितळून आलो. कुणाशी मिसळलो नाही.

सर परतले. आकडे बघून चष्मा काढला.

"अगं, तुझा हातच बसला नाही."

"सर, हात काय बसायचाय? कोरा नमुना लावला होता. निव्वळ स्फटिकाची वाळू दळली, त्यात शून्य आलं. म्हणजे खल स्वच्छ आहे."

"शून्य आलं हेच सांगतोय मी. तुझ्या हाताला शून्यच येणार. आण इकडे तीन दगड."

तीन दगड सरांनी स्वतः दळले. डोळे मिटून. पीठ यंत्राकडे गेलं. यंत्रावर एक काका बसत. तीस वर्षं तेच बसत होते, आणि यंत्राने काय सांगितलं यावर आपलं मत देणं त्यांनी पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं. त्यांनी कागद आणून दिला. प्लॅटिनम एकोणीस, रुथेनियम एक. दुसरं कोठार जसंच्या तसं, ऐटीत बसलेलं.

"बघितलंस?" सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत. खरोखरच्या मायेने म्हणाले. "दगड तेच. हात वेगळा. आता असं कर, उरलेले एकवीस दे मला. आठवड्यात दळून देतो. समिती पंधरा दिवसांवर आली आहे. प्रबंध तुझा, नाव तुझं, पदवी तुझी."

"आणि नाही दिले तर?"

"तर हे जमा-काही-नाही घेऊन समितीपुढे उभी राहा. माझी सही मात्र मागू नकोस. सातवं वर्ष मिळत नसतं, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. दगडांच्या एकवीस पुड्या द्यायच्या, की सहा वर्षं पाण्यात घालायची. मधला रस्ता नव्हता. कपचीला एवढंच कळत होतं की सरांच्या हातात आणि दगडात मधेच कुठेतरी काहीतरी घुसतंय. काय, ते कळत नव्हतं. खल? पाणी? ॲसिड? सरांचा घाम? तिने एके दिवशी सरांच्या रुमालाचाही विचार केला आणि स्वतःचीच लाज वाटून तो झटकून टाकला.

दाढ

दातओठ खाणं हा नुसता वाक्प्रचार नसतो. कपची रोज रात्री झोपेत खात होती. नवव्या दिवशी सकाळी ती उठली तर उजवीकडची खालची दाढ मधोमध चिरलेली.

दाताची डॉक्टर विद्यापीठाच्या मागच्याच गल्लीत. अख्खा विभाग तिच्याकडेच जायचा. एक तर जवळ. दुसरं म्हणजे डॉक्टर ही सरांची पहिली बायको. लग्न मोडून पंधरा वर्षं झाली होती, पण सरांच्या बातम्या तिच्याकडे ताज्या असायच्या, आणि तिच्या सरांकडे. मधे विभागाचे दात होते.

खुर्चीच्या बाजूला खिडकीत दुधी रंगाचं एक मोठं दगडी भांडं होतं. त्यात टॉफ्या. लहान मुलांसाठी. "गिऱ्हाईक टिकलं पाहिजे ना," असं डॉक्टर विचारणाऱ्याला सांगायची.

तोंड उघडं ठेवून झालेलं बोलणं

"आ कर. अजून. सरांसमोर उघडतेस तेवढंच नको, पूर्ण उघड."

"आँ."

"चिरली की गं पार. काय चावलंस? दगड?"

"अं-अं."

"मग झोपेत त्याला चावत असशील. याच दाढेसाठी आजवर चार जण आलेत तुमच्यातले. मी तर हिला त्याचीच दाढ म्हणते. इंजेक्शन देते, जरा टोचेल. हं. आता पाच मिनिटं तोंड मिटायचं नाही. मांडीवर काय आहे ते? त्याचा लेख? जुना दिसतोय. बघू, तेवढाच माझा वेळ जाईल."

"आँ आँ."

"हो गं, वाचता येतं मला. सुरुवातीची चार-पाच वर्षं याचे कच्चे खर्डे मीच वाचले. पुढे पुढे वाचायचं सोडलं, तिथेच सगळं बिघडलं म्हण. काय म्हणतोय? आदिम... खोल... अस्पर्श... काय भाषा! आणि हे कोष्टक. सोनं सहा, पॅलेडियम एक, चांदी एक." ती थांबली. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. "हे कुठे सापडलं म्हणतोय?"

"ऑऑईच्या ऑऑआत."

"पृथ्वीच्या पोटात?"

"आँ."

डॉक्टर हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग भिंतीला टेकून. बाहेर बसलेल्या पेशंटने आत डोकावून बघितलं आणि मुकाट्याने परत जाऊन बसला.

"अगं पोरी," डोळे पुसत ती म्हणाली, "हे पृथ्वीचं पोट नाही. हे माझं लग्न आहे."

कपची उठून बसू लागली. डॉक्टरने तिला एका बोटाने परत आडवं केलं.

"दाढांवर टोपण बसवणारी बाई आहे मी. धातूंची मिश्रणं मला पाठ असतात. शंभरात पंचाहत्तर सोनं, उरलेल्यात निम्मं पॅलेडियम, निम्मी चांदी: हे पांढरं सोनं. दुकानात मिळतं. आमच्या दोघांच्या अंगठ्या त्याचीच जोडी होत्या, एकाच तुकड्यातून केलेल्या. आता हे दुसरं काय? प्लॅटिनम एकोणीस, रुथेनियम एक... हे माझं नाही बाई. हे तिचं, दुसरीचं. प्लॅटिनमची अंगठी अशीच करतात. एकटं प्लॅटिनम मऊ पडतं, म्हणून चिमूटभर रुथेनियम."

"आँगई! आऑई आँगई!"

"हो, अंगठी. काढत नाही तो. आंघोळीला काढत नाही, दळायला काय काढतोय? मी विचारलं होतं एकदा, की तुझ्याच पाटीवर लिहिलंय ना, धातू काढा म्हणून? तर म्हणतो, ती पाटी विद्यार्थ्यांसाठी आहे."

मग ती खिडकीशी गेली, टॉफ्या टेबलावर ओतल्या आणि भांडं उचलून कपचीच्या डोळ्यांसमोर धरलं. अकीकाचा खल. डावीकडे, जिथे माणूस काठ धरतो तिथे, एक बोटभर लांब करडी, चमकदार रेघ.

"घटस्फोटात तो घर मागत होता. मी म्हटलं घर घे, मला खल दे. वकिलाला वाटलं मला वेड लागलं. पण घर गेल्याने त्याला काही वाटलं नसतं. खल गेला तेव्हा दोन दिवस जेवला नाही." तिने रेघेवरून अंगठा फिरवला. "ही रेघ मी किती घासली. जातच नाही. सोनार काय करतो? काळ्या दगडावर दागिना घासतो, कस बघतो. याने सतरा वर्षं माझा कस काढला आणि दगडाच्या पिठात कालवला."

"अगआँ अँगई उठे आहे?"

"माझी अंगठी? वितळवली. एका निवृत्त न्यायाधीशाच्या दाढेवर बसवली. माझं लग्न चावत फिरतो तो गावभर. आता हलू नकोस, दाढ कोरते."

अंगठीचं चरित्र, एका दमात

मऊ धातूची अंगठी डाव्या बोटात, डाव्या हातात खलाचा काठ, काठ अकीकाचा म्हणजे पोलादालाही न जुमानणारा, उजवा हात बत्ता फिरवतो तसा डावा हात थरथरतो, करकर करतो, आणि ती करकर दगडाची आहे असं सहा वर्षं कपचीला आणि पंचवीस वर्षं जगाला वाटत आलं, तर दर फेऱ्याला अंगठीचं कणाहून कण काठावर उतरतं, काठावरून पिठात पडतं, पीठ यंत्रात जातं, आणि सर खल धुतात ते साध्या ॲसिडाने, ज्याला सोनं भीक घालत नाही आणि प्लॅटिनम तर ओळखही देत नाही, म्हणून आज उतरलेलं उद्याच्याही पिठात पडतं. पहिला खल गेला त्याच वर्षी पहिली अंगठी गेली, नवा खल आला त्याच वर्षी नवी अंगठी आली, म्हणून दोन कोठारं कधी एकमेकांत मिसळली नाहीत, आणि सरांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला, 'कोठारांच्या परस्पर अलिप्ततेविषयी'.

आत्या

कपची आत्याकडे राहायची. आत्याचं कपडे उसवून-शिवून देण्याचं दुकान होतं. खाली यंत्रं, वर दोन खोल्या. कपचीने बधिर जबड्याने सगळं सांगितलं. आत्या तोंडात टाचण्या धरून ऐकत होती, त्यामुळे दोघींचंही बोलणं सारखंच येत होतं.

"मग जा आणि सांग त्याला," आत्या म्हणाली. "म्हणावं, तुमची अंगठी झिजतेय."

"मला हाकलून देतील."

"मग दे त्या एकवीस पुड्या. पदवी घे, मोकळी हो. लोकांना काय फरक पडतो दगड शंभर किलोमीटरवरून आला का हजार? कुणी भाडं देणार आहे?"

पुड्या पिशवीतच होत्या. एकेका पुडीवर तिच्या हातचा नंबर, तारीख, दगड कुठल्या कड्यावरून घेतला त्याची खूण. एका पुडीतला दगड तिने जागेवर चाटला होता. दगड ओला झाला की त्यातले कण उजळतात, म्हणून या लोकांना चाटायची सवयच असते. खारट लागला होता. तीनशे कोटी वर्षांत त्याला चाटणारी ती पहिलीच असावी, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

"खरं सांगतोय गं तो," ती म्हणाली. "साधा आहे म्हणतोय. आणि मी त्याच्या तोंडात दुसऱ्याची अंगठी कोंबू?"

आत्याने टाचण्या एक-एक करून उशीला टोचल्या.

"हे बघ. तीस वर्षं मी लोकांच्या कमरा मोजते. एकही माणूस आपली कंबर खरी सांगत नाही. आपण सांगायला गेलं तर भांडायला उठतात. म्हणून मी तोंड उघडतच नाही. टेप त्यांच्याच हातात देते. म्हणते, तुम्हीच बघा."

इतिवृत्त, आणि इतिवृत्तात न आलेलं

बैठक ठरल्या वेळी सुरू झाली. समितीत मार्गदर्शक म्हणून सर आणि बाहेरच्या परीक्षक म्हणून एक बाई उपस्थित होत्या.

(या बाईंनी सरांची कोठारं बारा वर्षं शोधली होती. सापडली नाहीत. सरांनी एकदा भर परिषदेत त्यांना "तुमचं यंत्र बहिरं आहे" असं म्हटलं होतं. त्या विसरल्या नव्हत्या. तरी चेहऱ्यावर काही नव्हतं. बाई मुरलेल्या होत्या.)

विद्यार्थिनीने चोवीस नमुन्यांचे निष्कर्ष मांडले. मार्गदर्शकांनी त्यांच्याशी असहमती नोंदवली.

(सर म्हणाले, "पोरगी कष्टाळू आहे. हात नाही." कपची म्हणाली, "बरोबर आहे, सर." सर चमकले. सहा वर्षांत ती पहिल्यांदा बरोबर आहे म्हणाली होती.)

विद्यार्थिनीने विनंती केली की मार्गदर्शकांनी आपल्या पद्धतीने एक कोरा नमुना दळून दाखवावा, म्हणजे दोन हातांतला फरक समितीला मोजता येईल.

("मला कोरा लागत नाही," सर म्हणाले. "पंचवीस वर्षांत लावला नाही."

"म्हणूनच, सर. एकदा नोंद होऊन जाऊ दे. पुढच्या पोरांना दाखवायला."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "एकदाही नाही?"

"बाई, गवई रोज सा लावून दाखवतो का?"

"रोजच लावतो," बाई म्हणाल्या.)

मार्गदर्शकांनी विनंती मान्य केली. समिती दळणखोलीत गेली.

(पाटीखालून जाताना परीक्षक बाईंनी पाटी वाचली, कानातलं काढलं, घड्याळ काढलं, चष्म्याची साखळीसुद्धा काढली. कपचीकडे काढायला काही नव्हतंच. सर सरळ आत गेले. कपाट उघडलं, खल काढला, शुद्ध स्फटिकाची पांढरी वाळू ओतली, डावा हात काठावर ठेवला, डोळे मिटले. करकर, करकर. वीस मिनिटं दळत होते, आणि दळता दळता बोलत होते: पहिल्यांदा लाव्हा हातात घेतला तेव्हा आपण बावीस वर्षांचे होतो, दगड आतून हाक मारतो, ऐकायला हात लागतो. एवढं छान बोलले की कपचीला राहवेना. वाटलं, थांबवावं. वाटलं, म्हणावं की सर, पाटी. तोंड उघडलंही होतं. पण दाढेवर कच्चं टोपण होतं आणि आत हवा लागून अशी कळ आली की तोंड आपोआप मिटलं.)

पीठ तपासणीसाठी देण्यात आलं. बैठक दोन दिवसांनी दळणखोलीतच पुढे चालू झाली. निकाल वाचण्यात आला.

(काकांनी कागद टेबलावर ठेवला आणि, तीस वर्षांत प्रथमच, निघून गेले नाहीत. दाराशी उभे राहिले.

परीक्षक बाईंनी वाचला. पुन्हा वाचला. मग अत्यंत अदबीने म्हणाल्या, "सर, अभिनंदन. पृथ्वीचं दुसरं कोठार तुम्हाला वाळूच्या बाटलीत सापडलं आहे."

"काय?"

"प्लॅटिनम एकोणीस. रुथेनियम एक."

"यंत्राची चूक."

"यंत्र तुमचंच आहे," दारातून काका म्हणाले.

सर कागदाकडे बघत राहिले. एक गोष्ट कबूल करायला हवी: आकडे वाचण्यात सरांचा हात कुणी धरला नसता. एकोणीसला एक. म्हणजे विसात एकोणीस. म्हणजे शंभरात पंच्याण्णव. कपचीला ते समोर दिसत होतं, नजर कागदावरून कशी उठली, टेबलावर आली, टेबलावरून स्वतःच्या डाव्या हातावर आली आणि तिथे थांबली. तिने काही सांगितलं नव्हतं. परीक्षक बाईंनाही काही ठाऊक नव्हतं. कुणी न सांगता कळलं ते सरांना.

त्यांनी अंगठी काढली. सहज निघाली, झिजून बरीच पातळ झालेली होती. खिशातून दगड बघायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि आयुष्यभर दगड बघितले तशी अंगठी बघितली, वळवून, उजेडाकडे धरून. आतल्या बाजूला सोनाराचा बारीक शिक्का होता.

"नऊशे पन्नास," ते म्हणाले. "हजारात नऊशे पन्नास प्लॅटिनम. आणि उरलेले पन्नास?"

"रुथेनियम, सर," कपची म्हणाली.

"आणि पहिलं कोठार?"

सरांनीच मान हलवली. "पांढरं सोनं होतं ते," ते पुटपुटले. "तिनेच पसंत केलं होतं."

मग ते उठले, ताज्या दळणाचा खल पुढे ओढला, डावीकडच्या काठावर तशीच बोटभर करडी रेघ शोधून काढली आणि तिच्यावर अंगठा ठेवून उभे राहिले. कपचीला वाटलं, आता ओरडतील, आता कागद फाडतील, आता आपल्याला हाकलतील. सरांनी विचारलं ते वेगळंच. आवाज खाली आला होता, नव्याने शिकायला आलेल्या मुलाचा असतो तसा.

"मग तो दगड... आला कुठून?"

"जवळूनच, सर. दीडशे-दोनशे किलोमीटर. तिथेच वितळला, घाईघाईने वर आला. वाटेत कुणाशी मिसळला नाही. त्याच्यात काहीच विशेष नाही."

"तीनशे कोटी वर्षं कुणाशीच मिसळला नाही," सर म्हणाले, "आणि म्हणे विशेष नाही. एवढं तरी नीट लिही प्रबंधात.")

समितीने प्रबंध एकमताने मान्य केला. मार्गदर्शकांनी सही केली. अंगठीविरहित हाताने, असं परीक्षक बाईंना लिहायचं होतं. इतिवृत्तात बसत नाही म्हणून गाळलं.

टोपण

पक्कं टोपण बसवायला कपची गेली तेव्हा खिडकीतला खल नव्हता. टॉफ्या एका प्लास्टिकच्या डब्यात आल्या होत्या.

"तो स्वतः आला होता," डॉक्टर म्हणाली. "पंधरा वर्षांनी. दात दाखवायला नाही. म्हणाला, खल हवाय, काठावरचं खरवडून मोजायचंय. जुने सगळे आकडे दुरुस्त करणार आहे म्हणे. एकतीस लेख मागे घेणार. दोन्ही कोठारं रद्द. आ कर."

"आँ."

"म्हणजे माझा घटस्फोट दुसऱ्यांदा झाला म्हण. या वेळी छापून." तिने टोपण दाढेवर दाबलं. "चाव. पुन्हा चाव. आणि तुला सांगू, दिला मी खल. काय करायचं ठेवून. पण जाताना मी त्याला एक विचारलं. म्हटलं, सतरा वर्षं माझ्यासोबत राहिलास, मला कधी खोल म्हणाला नाहीस. अस्पर्श तर सोडच. भाजीत मीठ जास्त झालंय एवढंच म्हणायचास. आणि जगभर छापत होतास?"

"मग?" कपचीने विचारलं. तोंड मोकळं झालं होतं.

"मग काय. लाजला. त्या वयात कसा दिसतो माणूस लाजल्यावर, बघवत नाही. एक टॉफी उचलली आणि गेला." डॉक्टरने हातमोजे काढले. "झालं. भक्कम आहे, दातओठ खायला हरकत नाही. पण एक लक्षात ठेव. टोपणात पॅलेडियम आहे. आजपासून दगड चाटायचे नाहीत. नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी तिसरं कोठार शोधून काढेल."

कपची बाहेर आली. गल्लीच्या तोंडाशी नळ होता. पिशवीतून तिने तो रडका, काळपट हिरवा तुकडा काढला आणि सवयीने तोंडाशी नेला. मग थांबली, जिभेने आतून नवी दाढ चाचपली, आणि नळ सोडून दगड पाण्याखाली धरला. कण उजळले. होते तेवढेच.